बीएस्सी जिऑलॉजीनंतर आधी खाण की आधी एमएस्सी?

जांभा_बेळगाव
पुतण्या धारवाडला जिऑलॉजीत बीएस्सी झालाय. खाणीतल्या भूजलाचं काम करायचं म्हणतोय. घरात सगळ्यांचं एकच, एमएस्सी कर. माझं मत उलटं आहे. आधी दोन वर्षं संडूर-होसपेटच्या खाणीत नाहीतर ड्रिलिंगवाल्याकडे काढावीत. कोअर बॉक्स (ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाच्या कांड्यांची पेटी) नीट लावता येत नाही, पीझोमीटरमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी मोजायच्या बोअरमध्ये, टेप सोडता येत नाही, आणि पोरं निघाली भूजलाचं मॉडेल करायला! मॉडफ्लो हे मॉडेलचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून त्यात घातलेले आकडे खरे होत नाहीत.

खानापूरकर
काका, पण दार कुठून उघडतं ते बघा की. केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा, आणि तिला पदव्युत्तर पदवी लागतेच. खुल्या गटाला वय ३२ पर्यंत. मुख्य परीक्षेत २०० गुणांचा अख्खा पेपर भूजलाचा. दोन वर्षं धूळ खाऊन आल्यावर जॅमचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कोण करतंय? घरी पैसे द्यायची सवय लागली की पोरगा परत वर्गात बसत नाही.

पंपवाला
मी गोव्यात डिचोलीकडे खाणीत होतो. बीएस्सीवाल्याला पाण्याचं काम कोण देतंय गा? सॅम्पल पिशव्या भर, ट्रक मोज. त्यात धंदा बेभरवशाचा. बळ्ळारी २०११ ला थांबली, गोवा २०१२ ला आणि परत २०१८ ला. काकांच्या 'दोन वर्षां'तलं दीड वर्ष घरीच जायचं.

जांभा_बेळगाव
पंपवाले, ट्रक मोजतानाही डोळे उघडे ठेवता येतात. गोव्यात भुसभुशीत लोहखनिजच पाणी धरून असतं. म्हणजे जे काढायचं, तोच जलधर! हे पुस्तकात एका ओळीत उरकतं. खाणीत गेल्यावर कळतं की आधी पाणी उतरवल्याशिवाय बाक (खाणीतली पायरी) कापता येत नाही, आणि भिंतीमागे दाब राहिला तर पावसाळ्यात अख्खा उतार खाली येतो.
पंपिंग टेस्टचंही (पाणी उपसून पातळी किती उतरते ते मोजायचं) तसंच. पंप सुरू झाला की पहिली दहा मिनिटं मिनिटामिनिटाला पातळी घ्यायची, मग अंतर वाढवत रात्रभर. उपसा कमीजास्त झाला की आलेख बिघडला. मध्येच वीज गेली तर पातळी पूर्ववत होईपर्यंत थांबून पुन्हा पहिल्यापासून. हे एमएस्सीत किती जणांनी स्वतः केलंय?

खानापूरकर
मी केलंय, एमएस्सीच्या प्रबंधासाठीच. आणि सरावाला संडूर कशाला? जांबोटीकडे जांभा, चिकोडी-निपाणीला काळा पाषाण, गोकाकला क्वार्टझाइट. तिन्हीकडे पाणी वेगळं वागतं. सुट्टीत विहिरींची पातळी घेत हिंडायला कुणाची नोकरी लागत नाही.

शेतातली_ताई
तुमचं करिअर ठरतंय ते बरं आहे, पण खाण कोरडी ठेवायची म्हणजे शेजारच्या गावची विहीर आटवायची, हेच ना काम? त्याला आमच्या पोरांनी शिकायचं?

पंपवाला
ताई, विहीर किती उतरेल हे आधी सांगणारा माणूस तोच असतो. तो नसला तरी पंप चालूच राहणार. पण पगार कंपनी देते हेही खरं. आकडा गोड करून द्या म्हणणारे साहेब भेटतात. नाही म्हणायला पाठीशी पदवी असलेली बरी, म्हणून मी खानापूरकरांच्या बाजूनं.

शेतातली_ताई
पदवीवाल्यानं नाही म्हटलेलं मी अजून बघितलं नाही.

निपाणी_एक्सप्रेस
मूळ अडचण कुणी बोलत नाही. कर्नाटकच्या खाण किंवा भूजल खात्यात जायचं तर कन्नड नीट लिहिता-वाचता आलं पाहिजे, बाजारातलं चालत नाही. सीमावादातल्या ८६५ गावांपैकी असाल तर महाराष्ट्राच्या नोकरभरतीत सवलत आहे, तिथं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जागांवर लक्ष ठेवा. मात्र ते काम बहुतेक पिण्याच्या पाण्याचं, खाणीचं नव्हे.

जांभा_बेळगाव
कन्नड त्याचं माझ्यापेक्षा बरं आहे, धारवाडला राहिलाय. एमएस्सी नकोच असं मी कुठं म्हटलं? आधी-नंतरचा वाद आहे. संडूरच्या एका ठेकेदाराशी बोलणं झालंय, मुलाखतीला पाठवतोय. जॅमचा फॉर्मही भरू दे, मधे पडणार नाही.

खानापूरकर
फॉर्म भरू दे नको काका, अभ्यास करू दे.