मदत हवी आहे: कुंडीतली सफरचंदाची रोपं मिनेसोटाच्या थंडीत कशी जगवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही सेंट पॉलला असतो. गेल्या हिवाळ्यात लेकीने हनीक्रिस्प जातीच्या सफरचंदाच्या बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, अडीच-तीन महिन्यांनी चक्क मोड आले आणि आता कुंड्यांमध्ये वीत-दीड वीत रोपं झालीयेत. बीच्या झाडाला हनीक्रिस्प लागणार नाही हे माहितीये, प्लीज त्यावर लेक्चर नको, तिला झाड हवंय बास.

आता पानं गळायला लागलीत आणि जानेवारीत इथे उणे २५ सेल्सिअस पण होतं. वाचून एवढं कळलं की सफरचंदाच्या फांद्या ही थंडी सोसतात पण मुळं नाही सोसत, जमिनीत असली तर माती आणि वरचा बर्फ सांभाळून घेतो, कुंडीला मात्र चहूबाजूंनी गारठा, त्यामुळे डेक बाद. हॉलमध्येही नको, थंडीतली झोप झाली नाही तर वसंतात नीट फुटत नाहीत म्हणे (सासूबाईंचं रोज चालूये, "अगं आत घे गं त्यांना, कुडकुडतायत").

राहिलं गराज, नाहीतर अंगणात चर खणून कुंड्या पुरायच्या. गराज घराला लागून आहे, हीटर नाही, दारापाशी पाण्याची बाटली गोठते पण घराच्या भिंतीकडे नाही गोठत. अंगणात ससे, आणि बर्फाखालून येणारे ते व्होल उंदीर! शेजाऱ्यांच्या प्लमची साल बुंध्याशी गोल सोलून खाल्ली होती, झाड गेलंच. काय करू? गराजमध्ये उजेड, पाणी किती लागतं? चरात पालापाचोळा आत्ताच टाकू का?

प्रतिसाद १

जमीन गोठली नसेल तर चरच खणा. कुंड्या काठापर्यंत पुरा, शक्यतो घराच्या उत्तरेला, दक्षिणेच्या उन्हात माती सारखी वितळते-गोठते आणि मुळं उचकटतात. आत्ता भरपूर पाणी द्या, पाला मात्र माती वरून कडक झाल्यावरच टाका, आधी टाकलात तर उंदरांना आयतं घर. भोवती पाव इंची भोकांची जाळी हवीच, कोंबड्यांची जाळी चालणार नाही, व्होल त्यातून आरामात जातात. खाली दोन-तीन इंच मातीत गाडा.

प्रतिसाद २

आम्ही गराजवाले. पानं नसतात त्यामुळे उजेड नको. कुंड्या घराच्या भिंतीला चिकटवून, खाली थर्माकोल. महिन्यातून एकदा माती चाचपायची, कोरडी असेल तर कपभर पाणी, जास्त नको, मुळं कुजतात. वैताग मार्च-एप्रिलमध्ये, गराज तापतं आणि रोपं लवकर फुटतात, मग बाहेर हिमकडाका असला की रोज आत-बाहेर.

धागाकर्ती

थँक्यू दोघांनाही! दोन-तीन गराजमध्ये ठेवते, बाकीच्यांसाठी या वीकेंडला चर. जाळी वरून उघडी ठेवायची का?

प्रतिसाद १

अजिबात नाही. रोपं वीतभर, बर्फ साठला की ससे त्यावर उभे राहून वरूनच खातात. तोंड दुमडून तारेने बांधा.