एसयूव्हीमागे ट्रेलर : हिच कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन कोलोराडोकडे जायचा विचार आहे आणि त्यासाठी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बघून ठेवलाय. रिकामा ३,८०० पाउंड, भरून ४,९०० पर्यंत चालतो. आमच्या सात सीटर एसयूव्हीच्या मॅन्युअलात ५,००० पाउंड ओढेल असं लिहिलंय, आणि विकणारा म्हणतो क्लास थ्रीचा रिसीव्हर (गाडीच्या मागे खाली बसणारी चौकोनी नळी) बसवा, दोन इंची बॉल (ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो तो) लावा, बाकी काही लागत नाही. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे भार वाटून देणारी जोडणी, खरंच लागतो का? ज्यांनी स्वतः ट्रेलर ओढलाय त्यांनी सांगावं, प्लीज.

— वरुडची ताई, सध्या डॅलस

*

ताई, नमस्कार,

मी सध्या गावी आहे, दारव्ह्याजवळ. कापसाची वेचणी चालू आहे, रेंज गच्चीवर मिळते म्हणून इथं बसून लिहितोय, जरा लांबेल पण वाचा, कारण या गोष्टीत माणसं चुकतात ती ५,००० च्या आकड्यावर विसंबून.

काल संध्याकाळी आमच्या वावरात ट्रॉली भरत होते. पोरांनी गाठोडी मागच्या फाळक्याकडे रचायला घेतली तसे मोठे बाबा बांधावरून ओरडले, "अबे, मांगं भार गेला त उलार होते ना, समोर दाबून भरा!" बंडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मागं भार गेला की जू बैलाच्या मानेवरून वर उठतं आणि बंडी हाती राहत नाही. तुमच्या ट्रेलरचंही तंतोतंत हेच आहे. ट्रेलरची दांडी बॉलवर जो भार टाकते त्याला टंग वेट म्हणतात, तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के पाहिजे. कमी पडला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. मी हे भोगलंय, ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली टांगल्या होत्या, उतारावर बाजूनं ट्रक गेला आणि ट्रेलर असा हलला की बायकोनं डॅशबोर्ड धरला. तेव्हा गाडीचा ब्रेक मारायचा नाही, गॅसवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरचा (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायचं यंत्र) लिव्हर हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. त्यानंच वाचलो.

आता तुमचा हिशेब. ट्रेलर सामानासकट ४,५०० धरू, त्याचे १२ टक्के म्हणजे ५४० पाउंड, म्हणजे जवळपास अडीच क्विंटल, एवढं ओझं गाडीच्या शेपटीवर. ५,००० ओढणाऱ्या पुष्कळ एसयूव्हींना टंगची मर्यादा ५०० च असते. माहितीपत्रकातला टंगचा आकडा धरू नका, त्यानंतर दांडीवर गॅसचे सिलिंडर आणि बॅटरी चढते. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली तर तेच ३३० पाउंड होतात, आणि टाकी एक्सलच्या पुढे आहे की मागे त्यावर टंग वाढतो किंवा घटतो.

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं. टंग वेटही त्यातच मोजायचा. माझ्या मते ते स्टिकर आधी वाचा, हिच नंतर. आणि मॉडेलचं नाव ऐकून आकडा धरू नका, २०२० ची होंडा पायलट ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर ५,००० आणि टू-व्हील असेल तर ३,५००.

वेट डिस्ट्रिब्युशनचं असं आहे की, भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर बांधावर चढला की त्याचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं, हे तुम्ही वरुडला पाहिलंच असेल. एसयूव्हीचंही मागचं बसतं, पुढची चाकं हलकी पडतात. या हिचच्या स्प्रिंग बारांनी काही भार पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर परत जातो. तुमच्या वजनाला मी तो लावलाच असता, पण आधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांना तो लावू नका असं कंपनीच सांगते. आणि त्यानं गाडीची किंवा रिसीव्हरची मर्यादा वाढत नाही, सगळ्यात कमी आकडा ज्याचा तोच खरा.

सात पिनचं कनेक्टर (ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक गाडीच्या वायरींना जोडणारं) आणि ब्रेक कंट्रोलर घ्याच, बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. कंट्रोलर प्रपोर्शनल घ्या, गाडी जेवढी हळू होते तेवढाच तो दाबतो. साखळ्या दांडीखालून एकमेकींवरून आडव्या टाका, म्हणजे कपलर (बॉलवर बसणारं दांडीचं तोंड) सुटला तरी दांडी साखळ्यांवर पडेल, रस्त्यावर नाही. बॉल किती इंची ते कपलरवर कोरलेलं असतं, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

— आर्णी रोडवाला भाऊ

*

भाऊ, खूप आभार, आजच दरवाजा उघडून वाचलं. स्टिकरवर १,२९० पाउंड आहे. आम्ही पाच जण ६९०, सामान १५०, टंग ५४०, आणि तो हिच स्वतः ९० चा, म्हणजे १,४७०. वेट डिस्ट्रिब्युशननं भार परत जातो म्हणता, मग हे १८० पाउंड त्यात नाही का बसणार?

*

नाही ताई. त्या बारांच्या भरवशावर स्टिकर ओलांडायचं नाही. सासूबाई आणि लेकरं मागच्या सीटवर आहेत, इथं कणभर सूट घेऊ नका. एक तर सामान गाडीतून ट्रेलरात हलवा, पण मग टंग पुन्हा वाढेल, किंवा ट्रेलरच लहान बघा. ट्रकवाल्यांचा कॅट स्केल आहे ना, जिनिंगच्या काट्यासारखाच, आधी गाडी एकटी चढवायची, मग ट्रेलरसकट, तीनही प्लॅटफॉर्मचे आकडे वेगळे मिळतात, त्यात पुढचा एक्सल किती हलका झाला तेही कळतं.

*

भाऊ, तो ट्रेलर सोडला. दुसरा बघितलाय, भरून २,९००. तेरा टक्क्यांनी ३७७ टंग, बॉल बसवायचा साधा माउंट धरूनही १,२४० च्या आत बसतो. ब्रेक त्याला आहेतच, कंट्रोलर शनिवारी लावते. मोठ्या बाबांना नमस्कार सांगा.