मदत हवी आहे : प्रोजेस्टेरॉन वाढत असूनही गर्भाशयाचा रक्तप्रवाह का वाढतो?

तगर : नमस्कार. उद्या सकाळी मला वर्गासमोर हा विषय मांडायचा आहे आणि दोन दिवसांपासून मी एकाच ठिकाणी अडकले आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तो परिणाम दाबते, असे आमच्या टिपणांत आहे. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन तर वाढतच जाते. मग रक्तप्रवाह घटण्याऐवजी वाढतो कसा? इस्ट्रोजेनच्या आधी प्रोजेस्टेरॉन दिले की प्रवाह कमी वाढतो, हे टिपणांतल्या आलेखात स्पष्ट दिसते. कृपया लवकर सांगावे.

आर्द्रा : आलेख कोणत्या प्राण्याचा आहे आणि ती मादी गाभण होती की नव्हती, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यावाचून दिलेले उत्तर अंदाजपंचे होईल.

समईउजेड : तुम्ही गरोदर असाल तर उताणे झोपू नका, कुशीवर झोपा. विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील महाशिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि पर्यायाने गर्भाशयाला मिळणारे रक्तही कमी होते. मला दुसऱ्या खेपेला उताणे झोपले की घेरी येई आणि कूस बदलताच बरे वाटे, म्हणून कळकळीने सांगते.

तगर : आभार, पण मी विद्यार्थिनी आहे, गरोदर नाही. आलेख मेंढ्यांचा आहे.

कुंभार : संप्रेरकांच्या मागे लागून तुमची मुख्य गोष्ट सुटते आहे. वारेच्या पेशी सर्पिल धमन्यांच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरातून वारेकडे रक्त नेणाऱ्या नागमोडी धमन्यांच्या, भिंतीत शिरतात, तिथला स्नायू नाहीसा होतो आणि त्या अरुंद नळ्या नरसाळ्यासारख्या रुंद होतात. नळीची त्रिज्या दुप्पट झाली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर प्रवाह १६ पट होतो. एरवी मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असलेला प्रवाह दिवस भरताना ५०० ते ७५० मिलिलिटरपर्यंत जातो, तो यामुळेच. जिथे आकुंचन पावणारा स्नायूच उरलेला नाही, तिथे संप्रेरक काय करणार?

आर्द्रा : माणसाच्या बाबतीत ही रचना फार महत्त्वाची आहे, ती अपुरी राहिली तर प्रीएक्लाम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या विकाराचा, धोका वाढतो, हेही खरे. पण ‘यामुळेच’ मला मान्य नाही. मेंढीत वारेच्या पेशी इतक्या खोलवर शिरतच नाहीत, तरीही गाभण मेंढीच्या गर्भाशयाचा प्रवाह अनेक पटींनी वाढतो. शिवाय सर्पिल धमन्यांना रक्त पुरवणाऱ्या मुख्य गर्भाशय धमनीचा स्नायू शाबूत असतो आणि तीही रुंदावते. तगर, त्या मेंढ्यांचे बीजांडकोश काढलेले होते का?

तगर : हो, बीजांडकोश काढलेल्या, गाभण नसलेल्या मेंढ्या होत्या. ते महत्त्वाचे वाटले नाही म्हणून लिहिले नव्हते.

आर्द्रा : तुमची अडचण तिथेच आहे. अशा मेंढीला इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनची एक मात्रा दिली तर पहिला अर्धा तास फारसे काही घडत नाही, नंतर प्रवाह चढू लागतो आणि दीड-दोन तासांत तो दहापटींपर्यंत जाऊ शकतो. धमनीच्या अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने भिंतीतील स्नायू सैल पडतो. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती औषधाने रोखली तर ही वाढ बरीच घटते, पण पुरती थांबत नाही. स्नायूपेशींच्या आवरणातील, पोटॅशियम ये-जा करू देणाऱ्या सूक्ष्म मार्गांचाही त्यात वाटा आहे. प्रोजेस्टेरॉनने जो आवर घातला तो या काही तासांच्या प्रतिसादाला. गर्भारपणात दोन्ही संप्रेरके महिनोन्‌महिने एकत्र असतात, वारेतून येणारे इस्ट्रोजेन कितीतरी पटींनी वाढते, धमन्या स्वतः वाढतात आणि अँजिओटेन्सिनसारख्या धमन्या आवळणाऱ्या द्रव्यांना पूर्वीइतकी दाद देत नाहीत. शिवाय प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात; गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवणारे प्रोजेस्टेरॉन त्या अर्थाने रक्तप्रवाह राखतेच.

कुंभार : मेंढीचा मुद्दा मान्य आहे, ‘यामुळेच’ हा शब्द मी मागे घेतो. पण माणसाविषयी बोलताना सर्पिल धमन्या वगळू नका.

समईउजेड : मग प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्याने बाळाला रक्त जास्त मिळते का?

आर्द्रा : वरील प्रयोगांवरून तसे म्हणता येत नाही. गोळी कोणाला आणि कशासाठी द्यायची, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

तगर : आलेखाच्या मथळ्यात ‘गाभण नसलेली, बीजांडकोश काढलेली मेंढी’ असे घातले आहे आणि माणसातील सर्पिल धमन्यांसाठी वेगळे पान केले आहे. दोघांचेही मनापासून आभार.