कुत्र्याला घेऊन घर बदललंय? कसा रुळला ते सांगा

थोड्याच दिवसात आम्ही घर बदलतोय आणि बरोबर आमची शेरी आहे, सात वर्षांची, पिल्लू असल्यापासून एकाच घरात वाढलेली. सामानाचं, ट्रकचं सगळं ठरलंय पण हिचं कसं होणार हे काही डोक्यातून जात नाही, कारण सोफा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला सरकवला तरी ही संध्याकाळपर्यंत त्याच्यापासून लांब बसते. डॉक्टरांशी बोलणं झालंय आणि ते सांगतील तसं करणारच, पण ज्यांनी हे स्वतः निभावलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. पिल्लू असो, म्हातारा असो, एक असो नाहीतर तीन, पहिली रात्र कशी गेली, जेवला का, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा अजिबात झाला नाही, सगळं लिहा. मोठं झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

*

आमच्या बंड्याला सूटकेस दिसली की कळतं, कोणीतरी जाणार. त्यामुळे खोकी बरीच आधी आणून हॉलमध्ये उघडी टाकून ठेवली होती, भरायची घाई केलीच नाही. त्याने हुंगली, एकात जाऊन झोपला पण, मग त्याला त्यांचं काही वाटेनासं झालं. त्याची गादी, भांडी, खेळणी मात्र अगदी शेवटच्या दिवसापर्यंत जागेवरून हलवली नाहीत.

सामान हलवायच्या दिवशी त्याला त्याच्या ओळखीच्या मित्राकडे ठेवला. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. त्या दिवशी दार सताड उघडं असतं, अनोळखी माणसं ये-जा करत असतात, आपलं लक्ष कपाट भिंतीला घासतंय का याच्याकडे असतं, आणि घाबरलेला कुत्रा नेमका तेव्हाच सटकतो. ठेवायला कोणी नसेल तर एक खोली पूर्ण रिकामी करून त्याला आत ठेवा आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहा की उघडू नका.

तो नव्या घरात यायच्या आधी आम्ही एकच खोली लावली होती. त्यात त्याची न धुतलेली गादी, जुनी चादर आणि माझा घातलेला टीशर्ट. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख असतात आणि कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटींपर्यंत, म्हणजे आपण घर डोळ्यांनी ओळखतो तसं तो नाकाने ओळखतो. आपल्याला वाटतं नवीन घर आहे, सगळं स्वच्छ धुऊन न्यावं, पण त्याचं काहीही धुऊ नका.

मग पट्टा लावून हळूहळू बाकीचं घर दाखवलं. बाथरूमच्या उंबऱ्यावर अडला. मागचे दोन पाय बाहेर घट्ट रोवलेले, मान ताणून जाळीचा वास घेतोय, कान मागे आणि सगळं अंग उलटं पळायच्या तयारीत. मी ओढलं नाही, काही बोलले पण नाही, पट्टा सैल सोडून नुसती उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्याने जोरात अंग झटकलं आणि आपण होऊन आत गेला. ते अंग झटकणं म्हणजे ताण ओसरल्याची खूण असते, तुमच्या शेरीचं पण बघा.

*

कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता आणि फोन नंबर आधी बदला!! बऱ्याच जणांना वाटतं की चिपने कुत्रा कुठे आहे ते कळतं, तसं नाहीये, तिच्यात जीपीएस नसतं, बॅटरी पण नसते. स्कॅनर फिरवला की 15 आकडी नंबर दिसतो फक्त, आणि त्या नंबरपुढे तुमचा जुना फोन लिहिलेला असेल तर काय उपयोग. गळ्यातल्या बिल्ल्यावर पण नवीन नंबर. आणि नवीन घर जुन्यापासून जवळच असेल तर हरवल्यावर सगळ्यात आधी जुन्या घरी बघा, आमची कोको तिथेच दारात बसलेली सापडली होती.

*

आमचा अनुभव म्हाताऱ्या कुत्र्याचा आहे. राजा तेरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जुन्या घरात इतका सराईत फिरायचा की पाहुण्यांना कळायचं पण नाही त्याला दिसत नाही ते. नव्या घरात पहिल्याच संध्याकाळी टेबलाच्या पायावर जाऊन आपटला आणि तिथेच उभा राहिला, पुढचा एक पाय हवेत, कुठे टेकवायचा तेच कळेना. बघवत नव्हतं.

मग आम्ही गादीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत खरखरीत सतरंजीच्या पट्ट्या टाकल्या. पायाखाली सतरंजी लागली की तो वाटेवर आहे, फरशी लागली की वाट सुटली, हे त्याला फार पटकन समजलं. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात, त्यामुळे त्या पट्ट्या तशाही लागल्याच असत्या. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम बांधला आणि एकदा लावलेलं फर्निचर परत हलवलं नाही.

रात्री उठून फिरायचा, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. नवीन जागा आहे म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखा स्मृतिभ्रंश होतो आणि घर बदललं की तो एकदम उघडा पडतो, कारण तोपर्यंत जुन्या घराच्या सवयीवर सगळं निभावत असतं. आमच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, औषध सुरू केलं, रात्री मंद दिवा चालू ठेवायला लागलो. पूर्ण थांबलं नाही पण पुष्कळ कमी झालं.

*

शी-शू बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चांगला शिकलेला कुत्रा नव्या घरात आत शू करायला लागतो, त्यात त्याचा काही दोष नसतो, ओरडू तर अजिबात नका. आमच्याकडे तर फक्त एकाच कोपऱ्यात करायचा, मग कळलं आधीच्या लोकांकडे पण कुत्रा होता. आपल्याला वास येत नाही पण त्यांना येतो. साध्या फिनेलने जात नाही, एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरलं तेव्हा सुटला तो कोपरा. अमोनिया असलेलं काही वापरू नका, तो वास त्यांना शू सारखाच वाटतो.

*

आम्ही बैठ्या घरातून, मागे अंगण असलेल्या, थेट वरच्या मजल्यावर आलो. माझ्या मते अंतर कितीही असू दे, खरा फरक हाच असतो, सकाळी दार उघडलं की मातीत पळायचं ते बंद होऊन पट्टा, लिफ्ट, अनोळखी माणसं, मग खाली, आणि तोपर्यंत बिचारीने धरून ठेवायचं.

लिफ्टला आमची मनी भयंकर घाबरायची. कुत्र्यांना 45,000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज पण ऐकू येतात, आपली हद्द 20,000, त्यामुळे त्या मोटारीचा आपल्याला न ऐकू येणारा कितीतरी आवाज तिला येत असणार. सुरुवातीला नुसतं लिफ्टचं दार उघडायचं, बाहेरच खाऊ द्यायचा आणि परत घरी. मग आत एक पाय टाकला की खाऊ. मग आत येऊन दार बंद न करताच बाहेर. तिथून पुढे एकच मजला. या सगळ्या काळात रोज जिन्यानेच नेत होतो, घाई आहे म्हणून लिफ्टमध्ये कोंबलं तर केलेलं सगळं वाया जातं.

आणि ती मातीशिवाय शू करेना. शेवटी जुन्या अंगणातली माती गवतासकट बादलीत भरून आणली आणि नव्या बिल्डिंगखालच्या एका कोपऱ्यात पसरली. वास घेत तीन-चार गिरक्या मारल्या आणि बसली, मी तिथेच टाळ्या वाजवल्या.

*

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, घर बदलल्यावर कुत्र्याला घेऊन येणारे नेहमी असतात. पहिल्या दिवशी एखादं जेवण सोडलं तर लगेच घाबरू नका, पाणी पितोय ना ते बघा. धडधाकट मोठ्या कुत्र्याने पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, पिल्लू, म्हातारा किंवा आजारी असेल तर तेवढं पण थांबू नका. उलट्या, जुलाब असतील तर लगेच. त्याच सुमारास जेवणाचा ब्रँड बदलू नका, पोट बिघडलं तर ते ताणाने की नव्या खाण्याने तेच समजत नाही. झोप आलेली नसताना सारख्या जांभया, ओठ चाटणं, अचानक खूप केस गळणं ही ताणाची लक्षणं.

फेरोमोनचे डिफ्यूझर मिळतात, पिल्लांना पाजणारी आई जो शांत करणारा गंध सोडते त्याची नक्कल असते ती, काहींना उपयोग होतो, काहींना काहीच होत नाही, लावून बघायला हरकत नाही. पण प्रवासात झोपावा म्हणून आपल्या मनाने गोळी देऊ नका आणि माणसांच्या तर नाहीच. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनने कुत्रे मरतात.

*

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त एक, नव्या घरात सुट्टी काढून सतत जवळ बसायचं आणि मग एक दिवस अख्खा दिवस ऑफिसला जायचं असं करू नका. आम्ही पहिल्यापासूनच कचरा टाकायला जाऊन आलो, मग दुकानापर्यंत, असं वाढवत नेलं, निघताना आणि आल्यावर काही सोहळा न करता. जुना फोन व्हिडिओ कॉलवर लावून ठेवायचो, म्हणजे मागे खरंच रडतोय का झोपलाय ते कळायचं. फिरायला न्यायची आणि जेवायची वेळ जुन्या घरातलीच ठेवा, सामान लावायचं राहिलं तर राहू दे.

आणि रात्री जवळ झोपू द्यावं की नाही यावर लोक भांडतात. माझं स्पष्ट मत, द्यावं. घाबरलेल्या जिवाला जवळ घेतलं म्हणून तो लाडावत नाही.

*

अंगण किंवा बाग असलेल्या घरात जाणार असाल तर कुत्रा सोडायच्या आधी स्वतः चालून बघा. कुंपणाला खालून फट आहे का, कण्हेर किंवा सायकस लावलंय का, दोन्ही विषारी असतात. आणि आतली सगळी कपाटं ओढून मागे बघा. आम्हाला स्टोअररूममध्ये कपाटामागे उंदरांचं औषध सापडलं, आधीच्या कोणीतरी ठेवलेलं, आणि आमची पिंकी जमिनीवरचं काहीही तोंडात घालते. ते औषध खाल्ल्यावर लगेच काही दिसत नाही, काही प्रकारात रक्तस्राव दोन-चार दिवसांनी सुरू होतो, म्हणून खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. नव्या भागातला रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते जायच्या आधीच शोधून नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा.