आमचा प्रस्ताव ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवला गेला आहे. आता पुढे काय करावे?

प्रश्न : अंतिम वर्षाची विद्यार्थिनी

आम्ही पाच जणांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका शाळेजवळच्या चौकातील पादचारी सिग्नलचा अभ्यास केला. रस्ता १२ मीटर रुंद असून हिरवा दिवा १० सेकंद राहतो, म्हणजे सेकंदाला १.२ मीटर हा नेहमीचा चालण्याचा वेग गृहीत धरलेला दिसतो. लहान मुले आणि वृद्ध मात्र आमच्या मोजणीत सरासरी ०.९ मीटरनेच चालत होते. वेळ वाढवणे, दुभाजकात थांबण्याची जागा करणे, वेगमर्यादा, भुयारी मार्ग आणि जनजागृती अशा नऊ शिफारशींचा चाळीस पानी अहवाल आम्ही स्थानिक प्रशासनाला दिला. दोन महिन्यांपूर्वी त्याची पोच मिळाली. त्यानंतर काहीच घडलेले नाही. चार महिन्यांनी आम्ही महाविद्यालयातून बाहेर पडू.

उत्तर १ : निवृत्त प्रशासकीय कर्मचारी

आपला अहवाल कोणी दडपला असेल असे मला वाटत नाही. तो बहुधा फिरत असेल. नऊ शिफारशी चार विभागांच्या असतील, तर प्रत्येक टेबलावर ‘हा विषय प्रामुख्याने दुसऱ्या विभागाचा आहे’ असा शेरा मारता येतो आणि तो खोटाही नसतो. भुयारी मार्गासाठी निधी, निविदा आणि जागा लागते, तर सिग्नलची वेळ बदलण्यासाठी बहुतेक ठिकाणी वाहतूक अभियंत्याची मान्यता पुरते. म्हणून बाकीच्या आठ शिफारशी तूर्त बाजूला ठेवा आणि एका पानाचे पत्र द्या : १२ भागिले ०.९ म्हणजे सुमारे १३.३, म्हणून १४ सेकंद हवेत. हे वाढीव ४ सेकंद कोणत्या दिशेच्या वाहनांच्या वेळेतून घ्यायचे, हेही त्यातच लिहा, कारण अभियंता पहिला प्रश्न तोच विचारील आणि त्याचे उत्तर पत्रात नसेल तर फाइल पुन्हा खाली येईल.

उत्तर २ : राज्यशास्त्राचा अध्यापक

वरील मताला पुष्टी देणारी दोन उदाहरणे आहेत. अमेरिकेत १७८९ मध्ये मांडलेली, काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) सदस्यांच्या वेतनातील बदल पुढील निवडणुकीनंतरच लागू व्हावा अशी घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांच्या मंजुरीअभावी प्रलंबित होती. टेक्सास विद्यापीठातील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला आणि त्याला ‘सी’ श्रेणी मिळाली. त्यानंतर त्याने राज्यांच्या विधिमंडळ सदस्यांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला आणि १९९२ मध्ये ती २७ वी घटनादुरुस्ती झाली. (श्रेणी सुधारायला विद्यापीठाला २०१७ साल उजाडले, हा भाग मी वर्गात मुद्दाम सांगतो.) दुसरे उदाहरण व्हानुआतूमध्ये कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांचे. हवामानबदलाबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागार मत घ्यावे, ही मागणी त्यांनी २०१९ मध्ये पुढे आणली. विद्यार्थ्यांना त्या न्यायालयाकडे असे मत मागता येत नाही, म्हणून त्यांनी प्रशांत महासागरातील देशांच्या सरकारांना गाठले; व्हानुआतूने विषय उचलला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचे मत आले. दोन्हीकडे मागणी एकच होती आणि ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे नेमके ठाऊक होते.

उत्तर ३ : माजी विद्यार्थी

वॉटसनने दहा वर्षे दिली. आपल्याकडे चार महिने आहेत, हा फरक नजरेआड करू नये. आमच्या गटाने अशाच एका सिग्नलची वेळ वाढवून घेतली होती. आमचा निरोप समारंभ झाला, पुढे दुरुस्तीच्या वेळी यंत्रणेत जुनीच वेळ पुन्हा भरली गेली आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. चूक आमची होती : पत्र आमच्या नावाने होते आणि ज्या पालकांची मुले रोज तो रस्ता ओलांडत होती, त्यांना आम्ही केवळ प्रश्नावली भरण्यापुरते गाठले होते. अर्ज पालकांच्या नावाने जाऊ द्या, आकडेमोड तुमची असू द्या, आणि मंजूर वेळेच्या लेखी आदेशाची प्रत शाळेत ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

पालकांकडून आम्ही ११२ प्रश्नावल्या भरून घेतल्या, पण त्यांचे निष्कर्ष त्यांना कधीच कळवले नाहीत, हे आत्ता लक्षात आले. पत्राचा मसुदा करण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून पालकसभेत वेळ मागते. वाढीव ४ सेकंद कोठून घ्यायचे हे ठरवण्यासाठी मुख्य रस्त्यावरील वाहनांची गर्दीच्या वेळची मोजणी अजून करायची आहे. ती सोमवारपासून सुरू करतो.