जिम ॲबटचं नाव हवंच

अमेरिकेत कॉलेज बेसबॉल खेळून पुढे आलेल्या मोठ्या खेळाडूंचा विषय निघाला की रॉजर क्लेमेन्स आणि बॅरी बाँड्सची नावं येतात, पण मिशिगन विद्यापीठाचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू टाकणारा) जिम ॲबट राहून जातो. जन्मापासून उजव्या हाताला पंजा नाही. डाव्या हाताने चेंडू टाकताना ग्लव्ह उजव्या मनगटावर टेकवायचा आणि चेंडू सुटला रे सुटला की डावा हात त्यात सरकवायचा. क्षणात!

१९८८ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) कॅलिफोर्निया एंजल्स या संघाने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. १९८९ मध्ये मायनर लीगचा (खालच्या स्तराची व्यावसायिक लीग) एकही सामना न खेळता तो थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर उतरला. कॉलेजातून आलेल्यांनाही सहसा आधी खालच्या लीगमध्ये घासावं लागतं, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. पुढे ४ सप्टेंबर १९९३ ला न्यूयॉर्क यांकीज संघाकडून क्लीव्हलंडच्या संघाविरुद्ध नो-हिटर! अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठणं) मिळू दिली नाही.