विषय: भाचीला म्हातारपणावर शिकायचंय, पैसा कुठून आणायचा?

मंडळी, नमस्कार.
मी महिनाभर साताऱ्यात आहे. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला पुन्हा चालायला शिकवतेय आमची भाची, म्हणजे दादाची लेक. कराडला फिजिओथेरपी केली आणि गेली तीन वर्षं स्कूटीवरून शाहूपुरी, गोडोली, मंगळवार पेठ अशी घरोघर फिरते. बहुतेक घरांत दोनच म्हातारी माणसं आणि भिंतीवर नातवंडांचे फोटो. (आपल्या या ईमेल-यादीतल्या दोघांचे आईवडील तिच्या फेरीत आहेत, नावं सांगत नाही.) तिला वृद्धांच्या आरोग्यावर अमेरिकेत पुढं शिकायचंय. एका एजंटाने ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ म्हणून पन्नास हजार घेतले आणि हातात टेकवली कॉलेजांची यादी. आता दादा लिंबकडची जमीन गहाण टाकायला निघालाय. काय सांगू त्याला?
— सातारकर आत्या

---

ताई,
आधी जमिनीचे कागद कपाटात ठेवायला सांगा.
मास्टर्सला विद्यापीठं बहुधा पैसे घेतात, पीएचडीला देतात. फी माफ, वर स्टायपेंड, आणि बदल्यात आठवड्याला साधारण २० तास शिकवणं किंवा संशोधनात मदत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर तेवढीच मुभा असते. दादांना म्हणावं, कर्मवीर अण्णांचं ‘कमवा आणि शिका’ समजा.

एक खड्डा मात्र सांगतो, मी स्वतः त्यात पडलोय. वार्धक्यावरच्या संशोधनाला पैसा देणारी अमेरिकेची मोठी सरकारी संस्था म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग. तिच्या ‘ट्रेनिंग ग्रँट’ (विद्यार्थी घडवण्यासाठीचा पैसा) विद्यापीठांच्या विभागांच्या पानांवर ठळक दिसतात, पण त्या फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. मी दोन महिने असल्या अर्जांत घालवले होते. पण एखाद्या प्राध्यापकाकडे त्याच संस्थेचं संशोधनाचं अनुदान असेल, तर त्यातून सहायक म्हणून पगार द्यायला नागरिकत्व आड येत नाही. तेव्हा भाचीने आधी प्राध्यापक शोधावा.

आणि त्याला ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग’ असं लिहू नये. आपल्याकडे उतारवयातल्या माणसांची ‘लासी’ नावाची पाहणी आहे (प्यायची नव्हे). देवनारची लोकसंख्या संस्था, हार्वर्ड आणि यूएससी (दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांनी मिळून २०१७-१८ मध्ये पहिली फेरी केली, ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची. ती माहिती अर्ज केला की संशोधनाला फुकट मिळते. त्यातून म्हाताऱ्यांच्या पडण्या-धडपडण्यावरचा एखादा छोटा प्रश्न घेऊन तिने काही आकडे मांडून पाहावेत आणि तेच प्राध्यापकाला लिहावं. वाड्याचे उंच जिने रोज चढणाऱ्या मुलीला प्रश्न सुचायला किती वेळ लागणार?

२०२५ पासून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, अनुदानांची घडी विस्कटलीय, काही विभागांनी प्रवेशही कमी केलेत. एकाच देशावर विसंबू नका.
— सांगलीकर

---

मास्टर्सच करायचं ठरलं तर माझीही भर. परदेशी शिकायला मदत करणारं जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे. सुरुवातीच्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे दादांना मुद्दाम सांगा. पण ते कर्जाऊ असतं, परत फेडायचं. लोक ‘टाटांची स्कॉलरशिप’ म्हणतात आणि हे सांगायचं विसरतात.

अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तिला आहे. सार्वजनिक आरोग्य त्यात बसतं. मात्र शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीलाही परतीची अट आहे, पण तिथलं मास्टर्स वर्षाचं. जात-उत्पन्नाच्या अटींत बसत असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि सारथी या सरकारी संस्थेची योजनाही बघा. दाखले आत्ताच काढायला घ्या, तहसील कचेरीचे हेलपाटे आठवतात ना?
— वहिनी

---

सांगलीकर, वहिनी, दोन्ही पत्रं दादाला मोठ्यांदा वाचून दाखवली. कागद कपाटात गेले. ‘वीस तास’ ऐकून त्याने विचारलं, “दिवसाला?”
परतीची अट ऐकून भाची म्हणाली, आत्या, यात अट कसली, मी येणारच आहे. आई पलंगावरून म्हणाली, आधी माझं वॉकर सुटू दे, मग जा कुठं जायचं तिथं.
सांगलीकर, शनिवारी इथल्या रात्री नऊला तिच्याशी बोलाल का? लासीचा अर्ज भरायला बसलीय आणि पहिल्याच पानावर अडलीय. येताना कंदी पेढे आणते. भडंग तुमचं तुम्ही बघा.
— आत्या